तिसगावचे काळे गोळे

नगरच्या मोटार अड्ड्यावरून आमची गाडी सुटली ती धूर ओकतच. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून गाडीच्या पाठीला कोळशाची मोठी शेगडी जोडलेली. तिच्या धुरावर इंजिन चालायचं. चालायचं म्हणजे त्याची मर्जी असेल तर. करंजीच्या घाटात ती मर्जी फिरली आणि आम्ही सगळे उतारू गाडी ढकलत वर गेलो. वर भाडंही भरलेलं होतंच. मी पुण्याच्या एका कॉलेजात रसायन शिकवतो. तिसगावच्या एका मास्तरांनी करंजाच्या तेलातून मोटारीचं इंधन काढलं आहे, ते सरकारी साहेबांबरोबर तपासायचं, एवढ्यासाठी ही वणवण. साहेब दुसऱ्या दिवशी स्वतःच्या मोटारीने येणार होते. ती अर्थातच पेट्रोलवर चालत होती.

शांतवन मास्तर मिशनच्या शाळेत शिकवत. शाळेला लागून दवाखाना आणि तो सांभाळणाऱ्या नर्स रूथबाई. दवाखान्याची एक जुनी मोटार होती. अडलेल्या बाळंतिणीला नगरला न्यायला दुसरं काही नव्हतं. पेट्रोल तुटलं आणि ती उभी राहिली. मास्तरांनी मग करंजाचं तेल लोखंडी पिंपात तापवलं आणि त्याची वाफ भाजलेल्या मातीच्या तापत्या गोळ्यांमधून नेली. त्या गोळ्यांपाशी जड तेल फुटतं आणि पातळ, चटकन पेटणारं इंधन होतं. माती खर्ची पडत नाही, फक्त काजळीने काळी होते. मग ती कुंभाराच्या आव्यात (भट्टीत) पुन्हा भाजून घ्यायची. परदेशात यासाठी मोठाले कारखाने आहेत.

"या गोळ्यांस्नी पानीसुदिक लागू देत न्हाई मी," मास्तर म्हणाले. "दिसाया कोळसा, पन सगळं काम त्येच करत्यात."

त्याच संध्याकाळी त्यांनी मला मोटारीत बसवून पाथर्डीच्या रस्त्याने दोन मैल फिरवून आणलं. चाचणीपुरती तेवढी मुभा होती. पुढे हे इंधन वापरायचं तर सरकारी परवाना लागणार होता. मोटार खोकली नाही की अडखळली नाही, वास तेवढा कडवट येत होता. परतल्यावर रूथबाईंनी शेंगोळी (हुलग्याच्या पिठाचे वळलेले तुकडे, झणझणीत रश्शात शिजवलेले) वाढली. मी मनातल्या मनात परवाना देऊन टाकला होता.

सकाळी मास्तर साहेबांना आणायला सडकेवर गेले, मी विहिरीवर आंघोळीला. तेवढ्यात पाटलांनी घात केला. साहेब यायचे म्हणजे गावाने पांढरं व्हायचं, ही आपल्याकडची रीत! वाटेच्या कडेचे दगड, चिंचेची खोडं, दवाखान्याचं जोतं, सगळीकडे चुना. गड्यांना पिंपाजवळ काळ्या गोळ्यांचा ढीग दिसला. तेही त्यांनी चुन्याच्या बादलीत बुचकळून काढले आणि नीट रचून ठेवले.

"साहेबाला काळं कशाला दिसाया पायजे?" पाटील मला म्हणाले. मी शाबासकी देईन अशी त्यांची समजूत होती.

चुना लागला की त्या मातीचा गुण मरतो. मास्तर आले, त्यांनी एक गोळा हातात घेतला आणि तिथेच खाली बसले. मी साहेबांना सगळं समजावून सांगितलं. नवे गोळे करून भाजायला दोन दिवस द्या म्हणालो. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"आजचा प्रयोग आज," ते म्हणाले.

पिंप पेटलं. नळीतून आला तो मेणचट, घाणेरडा काट. इंजिनाने तो घेतला नाही. साहेबांनी कागद पुढे केला. 'आज समक्ष केलेल्या प्रयोगात उपयोगी इंधन निघाले नाही.' परवाना नामंजूर.

"यात खोटं काय आहे, प्रोफेसर?"

खोटं एक अक्षर नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि तरी मी सही केली. सरकारी कागद, समोर साहेब. हात आपोआप चालला. एवढ्यावर थांबलो नाही. घाटात पुन्हा गाडी ढकलायला नको म्हणून साहेबांच्याच मोटारीत परत निघालो.

रूथबाई खिडकीशी आल्या. आवाज चढवला नाही त्यांनी.

"पाटलाला कळलं न्हाई, साहेबाला कळलं न्हाई. तुमी तर काल गाडीत बसला हुता."

मोटार सुटली.

पुण्याला आल्यावर मी साहेबांना दोन पत्रं धाडली. प्रकरण मिटले आहे, असं दीड ओळीचं उत्तर आलं. दवाखान्याची मोटार अजून उभीच आहे. पाटलांवरचा राग केव्हाच ओसरला. त्या माणसाने आपल्या परीने गाव सजवलं. साहेबांवरचा जात नाही आणि स्वतःवरचा तर मुळीच नाही. कागदावरची सही आता पुसता येत नाही, म्हणून निदान इथे चारचौघांत लिहून ठेवतो. तिसगावची मोटार करंजाच्या तेलावर चालत होती. मी तीत बसलो होतो.