पाणी हळू चालवणारं सॉफ्टवेअर

शुक्रवार पेठेत एका चादरींच्या दुकानाच्या वर आम्हा दोघी मैत्रिणींचं ऑफिस आहे. कालव्यात सोडलेलं पाणी कुठल्या गावाला किती वाजता पोचेल, हे सांगणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. वापरणाऱ्यांचे फोनही आम्हीच घेतो. बहुतेकांचा पासवर्ड विसरलेला असतो. त्या सोमवारी मात्र वैरागकडच्या एका कालवा निरीक्षकांचा फोन आला.

"म्याडम, तुमचं सॉफ्टवेअर पाणी लई हळू चालवतंय की."

"म्हणजे?"

"शेवटच्या गेटावर पाचला पोचंल म्हणतंय आन् पाणी तीनलाच हजर. लोकं तयार नसत्यात, मग पाणी ओढ्याला जातंय."

मी गणित तीनदा तपासलं. चूक सापडेना. जरा रागच आला. मैत्रीण म्हणाली, "इथं बसून भांडू नकोस. जाऊन बघ."

पुढचं पाणी सुटायच्या सकाळी मी स्कूटरवरून कालव्यावर पोचले. निरीक्षक पन्नाशीचे, पायात रबरी चपला, हातात काठी. गेट उघडलं तसं वाळकी पानं आणि फेस पुढे ढकलत पाणी निघालं, आणि आम्ही काठाने त्याच्या बरोबरीने चालू लागलो. तासभर निवांत गप्पा मारत चाललो. मग एक पूल ओलांडला आणि ते ओरडले, "आता पळा, म्याडम!"

पाणी खरंच पळत होतं. मीही लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून पळाले. शेवटी दम लागून खाली बसले आणि हसायलाच लागले. पुलापुढे सगळा कालवा गुळगुळीत काँक्रीटचा होता.

"हे कधी झालं?"

"गेल्या उन्हाळ्यात केलं की."

"मग सॉफ्टवेअरमध्ये भरलं का नाही?"

"भरायला जागा कुटं हाय? सगळ्या कालव्याला मिळून एकच चौकोन दिलाय तुमी."

कालवा मातीचा की काँक्रीटचा हे भरायचा तो चौकोन मीच काढला होता.

तिथंच बांधावर बसून मी लॅपटॉप उघडला. ते काठीने दाखवत गेले: हितं गवत माजतंय, तितं गाळ हाय, पुढं काँक्रीट. पंधरा दिवसांत आम्ही प्रत्येक तुकड्याला वेगळी जागा करून दिली.

पाणी सोडायच्या पुढच्या पाळीला आम्ही दोघी गेलो. सॉफ्टवेअरने सांगितलं होतं तीन वाजून दहा. शेवटच्या गेटावर शेतकरी खोरी घेऊन अडीचपासून उभे होते. तीन वाजून पाच मिनिटांनी फेस दिसला आणि एकच गलका झाला. मैत्रीण चपला काढून सरळ पाटात उतरली. एका बाईंनी आम्हाला भाकरी आणि शेंगाचटणी दिली.

आठवड्याने शेजारच्या कालव्यावरून एका अनोळखी माणसाचा फोन आला. त्यांनी विचारलं, "पाण्यामागं पळणाऱ्या म्याडम तुमीच का?"

"हो, मीच," मी म्हटलं. "बोला, तुमच्याकडं पाणी कसं चालतंय?"