एकसष्ट वेळा नव्याण्णव

आमच्या मजल्यावर सगळे त्यांना सरासरी म्हणायचे. विद्यार्थी सरासरीकाका म्हणायचे आणि मी चिडले की नुसतं "अहो". माझं काम त्यांच्या शेजारच्या खोलीत, स्नायूंच्या प्रयोगशाळेत. लोकांच्या दंडाला यंत्राच्या तारा जोडलेल्या चकत्या चिकटवायच्या, हातात दाबायची मूठ द्यायची आणि स्नायू किती वेळाने थकतो ते कागदावर उतरवून घ्यायचं. बावीस वर्षं हेच करतेय. माझं तोंड फटकळ आहे हे मलाही ठाऊक आहे, पण त्या माणसाबद्दल कुणी बोलायचं तर मीच बोलायला हवं. बाकीच्यांनी त्यांच्याकडून फुकटात कामं करून घेतली आणि पाठ फिरवली.

ते मूळचे गणिताचे. पीएचडी करायला आले, मार्गदर्शक अर्ध्यावर परदेशी निघून गेले आणि प्रबंध राहिला तो राहिलाच. तेवढ्यापुरती म्हणून संख्याशास्त्र सहायकाची जागा धरली, त्यातच केस पांढरे झाले. जिन्याखालची खोली. ताठ उभं राहिलं की डोकं आपटायचं, त्यामुळे आत शिरणारा प्रत्येक जण आपोआप वाकायचा. "बघा, मला किती मान आहे," म्हणायचे. मानसशास्त्रवाल्यांच्या प्रश्नावल्या, शिक्षणशास्त्रवाल्यांचे गुणतक्ते, माझे थकव्याचे आकडे, सगळं त्या एका टेबलावर येऊन पडायचं. ही तिन्ही खाती एकमेकांचं अक्षर वाचत नाहीत, पण आकडे मात्र सगळ्यांचे सरासरीच लावणार. प्रबंध छापून आला की आभाराच्या पानावर यांचं नाव शेवटून दुसरं, टायपिस्टच्या आधी. ते हसून दाखवायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यांचा एक नियम होता. तक्त्यात जागा रिकामी सोडायची नाही. कुणी प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, कुणी आलंच नाही, तर तिथे नव्याण्णव लिहायचं. मानसशास्त्राच्या प्रश्नावलीत उत्तरं एक ते पाच, त्यामुळे नव्याण्णव लगेच उठून दिसायचं. मग कॉम्प्युटरला सांगायचं, बाबा रे, नव्याण्णव दिसलं की सोडून दे. किती साधी गोष्ट. त्यांनी हे इतक्या पोरांना शिकवलं की आमच्या मजल्यावर सगळ्यांच्या हातात ते बसलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी शिक्षणशास्त्राच्या बाई एक मोठं काम घेऊन आल्या. गणित शिकवायची नवी पद्धत काढली होती त्यांनी. शिक्षकाने समजावून सांगायचं नाही, मुलांनी कार्डं घ्यायची आणि आपापल्या वेगाने सोडवत जायचं. दोनशे सहा मुलं नव्या पद्धतीत, दोनशे सहा जुन्या. वर्षाअखेर शंभर गुणांची परीक्षा. बाईंना निकाल शनिवारी हवा होता आणि तक्ते आले शुक्रवारी.

त्या शुक्रवारी मी काय केलं ते सांगते. माझ्याकडे बोलावलेला माणूस आला नाही, म्हणून मी सरासरींना ओढून नेलं. मानसशास्त्रवाल्यांबरोबरचा प्रयोग होता, धीर दिला तर माणूस मूठ जास्त वेळ दाबून धरतो का, असा. मी कागदावरचं वाक्य वाचायची, "शाबास, अजून थोडं," आणि ते बिचारे घाम गाळत धरून ठेवायचे. तीन तास. सुटले तेव्हा त्यांना पेन धरवत नव्हतं. "आता डाव्या हाताने करतो बाईंचं काम," म्हणाले. मी हसले.

निकाल आला. नवी पद्धत अठ्ठावन्न, जुनी एकोणपन्नास. त्यांनी बाईंना एवढं म्हटलं की गुणांचा पसारा फार दिसतोय, काही अगदी वर, बाकीचे पार खाली. बाई म्हणाल्या, "मुलं म्हटली की पसारा असायचाच!" सगळे हसले आणि लेख छापायला गेला. पुढे बाई विभागप्रमुख झाल्या, मग शिक्षण मंडळाच्या अध्यक्ष, आणि ती कार्डं शाळाशाळांतून पोचली.

सरासरींची लेक शिक्षिका. आई लवकर गेलेली, त्यामुळे ही शाळा सुटली की जिन्याखालच्या खोलीत येऊन बसायची, माझ्या डब्यातलं खायची. अंगणात दगड मांडून बाहुल्यांना पाढे शिकवणारी पोर. तिला नोकरी लागली तीच कार्डांच्या शाळेत. पहिल्या वर्षी कसली खुशीत होती! "आत्या, बाबांच्या आकड्यांवर उभी आहे माझी शाळा," म्हणायची मला.

दुसऱ्या वर्षापासून तिचा चेहरा उतरत गेला. मुलांना कार्डं कळत नव्हती. समजावायचं नाही असा नियम. जे अडले ते अडूनच बसायचे, मग यायचे बंद व्हायचे. तपासणीला आलेले लिहून गेले, पद्धत सिद्ध झालेली आहे, दोष शिक्षिकेचा. असं सहा वर्षं. ही रात्रंदिवस स्वतःला कोसत राहिली. शेवटी शाळेने नोटीस दिली, तीन आठवड्यांनी चौकशी, कामावर ठेवायचं की नाही ते त्यात ठरणार. ती माझ्यासमोर बापाला म्हणाली, "बाबा, ते जुने तक्ते दाखवा ना मला. ज्या मुलांना चांगले गुण पडले त्यांचं काय वेगळं होतं ते बघते. मला शिकवता येत नाहीये, पण शिकता तरी येईल."

सरासरींनी कपाटाच्या वरच्या खणातून फाईल काढली. तासाभराने ते माझ्या प्रयोगशाळेत आले आणि ज्या खुर्चीत मी लोकांना बसवते तिच्यात बसले.

"एकसष्ट मुलांना नव्याण्णव आहेत," म्हणाले. "शंभर एकालाही नाही. अठ्ठ्याण्णव एकालाही नाही."

"अरे वा! हुशार पोरं," मी म्हणाले. मी कामात होते.

"ती पोरं नव्हतीच हो तिथे."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं आणि मी हातातलं काम खाली ठेवलं. परीक्षेआधीच शाळा सोडून गेलेली मुलं. रिकाम्या जागी नियमाप्रमाणे नव्याण्णव. आणि परीक्षा शंभराची, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी ते गुणच. त्या शुक्रवारी त्याला सोडून दे म्हणून सांगायचं राहिलं. जुन्या पद्धतीत गळालेली मुलं नऊ, नव्या पद्धतीत एकसष्ट. जितकी जास्त मुलं पळाली तितकी पद्धत सरस ठरली. त्यांनी कागदावर पुन्हा करून दाखवलं. खरा आकडा नवी पद्धत एक्केचाळीस, जुनी सत्तेचाळीस.

"माझा हात," ते म्हणाले, आणि उजव्या हाताकडे बघत राहिले. मला तो शुक्रवार आठवला. तीन तास तो हात मीच दमवला होता.

दुसऱ्या दिवशी ते बाईंकडे गेले. मी बरोबर होते, बाहेर बाकावर. दार नीट लागत नव्हतं, सगळं ऐकू येत होतं. बाईंनी कागद नीट पाहिला, त्यांना कळलं, हे मला त्यांच्या आवाजावरून समजलं. मग म्हणाल्या, "आता पुस्तकं छापून झाली. शिक्षक तयार झाले. हे आत्ता उकरून कुणाचं भलं होणार आहे? आणि चूक कुणाची निघेल, विचार करा. तुमचीच ना?"

"माझीच आहे. मी तेच लिहून देतो."

"द्या की," बाई म्हणाल्या.

त्यांनी त्याच दिवशी नियतकालिकाला पत्र लिहिलं. आठ दिवसांनी उत्तर आलं, सभ्य भाषेत. दुरुस्ती छापायची तर ती लेखकांनी मागावी लागते. आपलं नाव लेखकांत नाही, आभारांत आहे. तरी लेखिकेच्या सहीने कळवावे. बाईंनी सही दिली नाही. हे दोनदा त्यांच्याकडे गेले, तिसऱ्यांदा शिपायाने दारातच थांबवलं. मी ते पत्र वाचलं आणि जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. चूक यांनी केली, आणि ती कबूल करायचा हक्क यांना नाही! बावीस वर्षं ज्या आभाराच्या ओळीवर मी जळफळत होते, तिनेच शेवटी गळा धरला.

चौकशीच्या दिवशी ते लेकीबरोबर गेले. समोर तिघे बसले होते. सरासरींनी तक्ते मांडले, नव्याण्णवांवर लाल खुणा केलेल्या, आणि पहिलीच्या पोराला सांगावं तसं सावकाश सगळं सांगितलं. मधल्याने विचारलं, "तुम्ही या शिक्षिकेचे वडील ना?"

"हो."

"आणि ही चूक तुम्हाला अकरा वर्षांनी, नेमकी नोटीस आल्यावर सापडली?"

"हो."

"छापील दुरुस्ती आहे का?"

नव्हती. त्यांनी तक्ते गोळा करून परत दिले. लेकीला कामावरून काढलं.

मला वाटलं होतं, नोकरी गेली तरी पोरीच्या मनावरचा दगड तरी उतरेल. दोष तिचा नव्हता, हे तर कळलं ना! संध्याकाळी ती जिन्याखाली येऊन बसली होती. मी चहा घेऊन गेले आणि तेच बोलले. तिने माझ्याकडे असं पाहिलं की कप हातातच राहिला.

"आत्या, माझा दोष असता तर बरं झालं असतं. मी वाईट शिकवते असं समजून मी रडायची, पण मुलांना काय सांगायची माहितीये? दुसऱ्या शाळांतल्या मुलांना जमतंय, मग तुलाच कसं जमत नाही. एकेकाला उभं करून सांगायची. कुठल्या दुसऱ्या शाळा? कुठली मुलं?"

सरासरी भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी ऐकलं. त्यांचे खांदे तेवढे हलले.

ही गोष्ट मार्चमधली. आता ते कामावर येतात, पण कुणी फारसं काम देत नाही. बाईंनी काही सांगितलं असेल, किंवा नसेलही. ते कुणाच्याही तक्त्यात नव्याण्णव लिहीत नाहीत. रिकाम्या जागी हाताने लिहितात, "आला नाही", "आली नाही". कॉम्प्युटर असलं काही घेत नाही, म्हणून पोरं कागद उचलून दुसरीकडे जातात आणि तिथे त्यांनीच शिकवलेलं नव्याण्णव भरतात. ती जुनी फाईल टेबलावर उघडीच असते. त्या एकसष्ट मुलांना शोधायचं त्यांच्या डोक्यात आलं होतं. आता ती विशीतली असतील. पण फाईलमध्ये नुसते क्रमांक. नावं आम्हीच कापून टाकली होती, मुलांची ओळख गुप्त राहावी म्हणून.

मागच्या आठवड्यात लेक आली. आली, बापासमोर बसली, एक कोरा कागद ओढून घेतला. "तुमच्या तक्त्यातल्या मुलांची नावं नाहीत," म्हणाली, "माझ्या वर्गातल्यांची मला पाठ आहेत." तिच्या वर्गातून सहा वर्षांत तेवीस मुलं गेली. ती एकाखाली एक नावं लिहायला लागली. कोण कुठल्या बाकावर बसायचं, कुणाचं कार्ड कितव्यावर अडलं, पुटपुटत लिहीत होती. मी दारात वाकून उभी होते. बावीस झाली आणि ती थांबली.

"खिडकीजवळ बसायची," म्हणाली. "वेण्या घालून यायची. बाराव्या कार्डावर अडली होती. बाबा, मी तिला सगळ्या वर्गासमोर..."

आम्ही वाट पाहिली. तिने डोळे मिटले, ओठ हलवून बघितले, पुन्हा पहिल्यापासून नावं वाचली. काही केल्या नाव आठवेना. मग तिने सवयीने, बापाकडूनच उचललेल्या सवयीने, त्या ओळीवर पेन टेकवलं आणि एक नऊ काढला.

सरासरींनी तिचा हात धरला. "नको," म्हणाले. "राहू दे. रिकामी ठेव."

तिने पेन सोडलं आणि टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. त्यांनी तिचा हात धरूनच ठेवला होता. माझ्याकडे दंडाला चकत्या लावलेला माणूस ताटकळत बसला होता, म्हणून मला जावं लागलं.