वऱ्हाडासाठी उकळलेलं पाणी

कोल्हापुरात ताप येतो तो माझ्या आत्याला विचारूनच, असं आमच्या घरात सगळे मानतात. सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात केसपेपरच्या खिडकीशी बसण्यात तिची हयात गेली. आलेल्याचं नाव-गाव लिहायचं, हे सरकारी काम. पाठीमागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला टिकली चिकटवून शेजारी गावाचं नाव टाकायचं, हे तिचं स्वतःचं. तापाला लाल, खोकल्याला काळी, जुलाब-उलट्यांना हिरवी. त्यावरून येणारी साथ ओळखून ती नव्या डॉक्टरांना बजावते, "सायेब, लाल वाढाय लागल्यात. सलाइनं मागवून ठेवा की!" डॉक्टर आधी हसतात आणि मग मागवतात. एकदा सणाला मी जेवताना खोकलो, तर पोळीवर तूप वाढायचं सोडून बाईंनी पर्समधून काळी टिकली काढली.

तिच्या घरात ती आणि एकुलती एक लेक, दोघीच. लेकीचं लग्न हातकणंगल्याकडच्या एका गावात ठरलं, तेही मुलाच्या दारात. चार दिवस उरले असताना कॅलेंडरवर हिरव्या टिकल्यांचं पीक आलं, आणि सगळी माणसं त्याच गावची! आत्यानं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, मला बरोबर घेतलं आणि थेट व्याह्यांच्या घरचा सोपा गाठला.

"पावणं, तुमच्या गावचं पाणी बिघडलंय. उकळल्याबिगर वऱ्हाडाला थेंब द्यायचा न्हाय."

"आमच्या पाण्याला नावं ठेवताय व्हय?" व्याही कडाडले. "लगीन करायचं हाय का मोडायचं?"

आत्यानं हिरव्या टिकल्यांवर बोट ठेवलं. "मोडलं तर मोडू द्या. माझ्या पोरीच्या लग्नात जेवून माणसं माझ्याच खिडकीला नगंत."

तेवढ्यात आतल्या खोलीतून व्याह्यांच्या म्हाताऱ्या आईचा कण्हता आवाज आला, "बाई खरं बोलतीया रं. सकाळधरनं पाचदा झालं मला."

मग लग्नाच्या दिवशी गुऱ्हाळावरची गूळ करायची भलीमोठी कायल आली, चूल पेटली, आणि अख्खं वऱ्हाड कोमट, गुळमट पाणी पिऊन खिदळलं. व्याही तर स्वतः तांब्या घेऊन पंगतीत फिरत होते, "उकळल्यालं हाय, बिनघोर प्या!"

रजा बाकी असूनही आत्या दुसऱ्याच दिवशी कामावर हजर झाली. त्या गावचं कुणी आलं की पहिला प्रश्न, "लग्नात जेवलासा काय?" तीन दिवसांत लग्नातलं एकही माणूस आलं नाही. तिसऱ्या संध्याकाळी मी तिला न्यायला गेलो, तेव्हा तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"एक बी आलं न्हाय बघ!"

"मग चल की घरी."

तिनं पर्स उचलली आणि परत मांडीवर ठेवली.

"जाऊ की. जरा बसूया. तिकडं दार उघडायला आता कोण न्हाय."

मी तिच्या शेजारी बसलो.