घरी दुरुस्त केलेला ब्रेक

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, भावाला नाही. गावदेवीसमोर हात जोडून उभा राहतो तेव्हा तिलाही नाही — तिथे तर मी मुद्दाम दुसरंच काहीतरी मागत बसतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, दुसरं काय. ओळखत असता तर तुमच्याशीही खोटंच बोललो असतो.

आमचं गाव खारबावच्या अलीकडे. आमचं शेत होतं तिथे आता गोदाम उभं आहे. भाडं येतं, घर चालतं, आणि माणसाने सकाळी उठून करायचं काय, तर दाढी. मी तसाच होतो. धडधाकट आणि रिकामा. त्यात एक जुनी गाडी घेतली आणि ती सारखी रुसायला लागली. दापोड्याच्या गॅरेजांत न्यावी तर तिथे ट्रक-टेम्पोंची रांग. माझ्या डबड्याकडे कोण बघतंय? दिवसभर बसवून ठेवायचे आणि संध्याकाळी म्हणायचे, ‘सेठ, कल आना.’ एकदा असाच हात हलवत परत आलो आणि ठरवलं, आता आपली गाडी आपणच उघडायची.

मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो. पान्यांची पेटी आणली. पहिल्यांदा प्लग काढले, साफ करून परत बसवले आणि गाडी एका दमात सुरू झाली — काय सांगू तुम्हाला, वडील गेल्यापासून पहिल्यांदा वाटलं की आपल्या हातांना काहीतरी येतं. मग बॅटरी झाली, पट्टा झाला, सायलेन्सर झाला. नखांत काळं राहायचं. ते मी नीट धुवायचो नाही, लोकांना दिसावं म्हणून. गावातली माणसं विचारायला येऊ लागली. आणि मी, ज्याला अर्धमुर्धं कळत होतं, तो सगळं कळत असल्याच्या थाटात उत्तरं देऊ लागलो.

तुम्ही म्हणाल, एवढंच? फुशारकी? नाही हो. फुशारकी कोण मारत नाही? पुढे आहे. मलाच तिकडे जायला धीर होत नाही.

एक दिवस ब्रेकच्या डबीतलं तेल कमी झालेलं दिसलं. ते भिवंडीतून आणायला हवं होतं. पण घरात लूमचं, म्हणजे यंत्रमागाचं तेल पडलं होतं. वडिलांचे कामतघरला लूम होते, ते विकले तेव्हा उरलेला डबा घरी आला. स्वच्छ, पातळ तेल. आमच्या घरात त्याच्यावर सगळं चालतं — दाराच्या बिजागऱ्या, शिलाई मशीन, सायकलची चेन. मी तेच ब्रेकच्या डबीत ओतलं. ब्रेकला त्याचंच वेगळं तेल लागतं, दुसरं घातलं की आतली रबरं फुगतात आणि ब्रेक जातो, हे कुठल्याही गॅरेजवाल्याने उभ्या उभ्या सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे मला माहीत नाही हे कबूल करायचं. ते कोण करणार?

थोड्या दिवसांनी पेडल मऊ लागायला लागलं. एकदा दाबलं की खाली जायचं, पटापट दोन-तीनदा दाबलं की लागायचं. जुन्या गाडीची खोड, असं म्हणून मी ते अंगवळणी पाडून घेतलं. म्हणजे — मला माहीत होतं. हे नीट ऐकून ठेवा, कारण पुढे मी ते तुमच्यापासूनही लपवायचा प्रयत्न करीन.

माझ्या धाकट्या भावाची हळद होती. आमच्याकडची हळद तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो: सकाळपासून मटणाची भांडी चुलीवर, आणि दुपारच्या जेवणाआधीच मंडपातले अर्धे पुरुष झिंगलेले. मीही होतो. पण धवलारीण आल्याशिवाय हळद लागत नाही — धवले गाऊन आमची लग्नं लावणारी बाई. आमची ठमीबाई. साठी ओलांडलेली, पण आवाज असा की मंडपातल्या डीजेने लाजावं. तिला खारबाव स्टेशनवरून आणायचं होतं. जाणार कोण? अख्ख्या मंडपात एकच माणूस शुद्धीत होता. सुनील, माझा चुलत भाऊ. तो दापोड्याच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये टेम्पो चालवायचा. आधी भरपूर प्यायचा. मुलगी झाली तेव्हा गावदेवीला नारळ ठेवून सोडली होती, आणि खरोखर सोडली होती.

मी किल्ली दिली. तो पडला ड्रायव्हर माणूस, त्याने विचारलं, “गाडीत काय खोट हाय का, दादूस?”

भोवती माणसं उभी होती. सगळी माझ्याकडे बघत होती. दोन शब्दांचं काम होतं — ब्रेक दोनदा दाब. तेवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, “माझ्या हातची गाडी हाय. बिनधास्त ने.”

परत येताना गावाच्या वेशीवरच्या उतारावर ब्रेक लागला नाही. गाडी नाल्यावरच्या मोरीच्या कठड्यावर गेली. आवाज मंडपापर्यंत आला. आम्ही सगळे धावलो, आणि सगळ्यांच्या पुढे मी होतो. कारण मला पळता पळताच कळलं होतं काय झालंय ते. ठमीबाईचा हात मोडून लोंबत होता. सुनीलचा गुडघा स्टेअरिंगखाली अडकला होता, कपाळातून रक्त येत होतं. मी दार ओढून आत वाकलो. तो म्हणाला, “ब्रेक लागला न्हाय, दादूस. जाताना जरा मऊ लागलेला. पन तू म्हनलास म्हनून —”

मागून माणसं पोहोचत होती. त्यांच्या पायांचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्याचं वाक्य त्यांच्या कानावर पडायच्या आत मी वळलो आणि म्हणालो — मोठ्याने म्हणालो —

“पिलाय हा. वास येतोय.”

झालं. बोललो. हेच ते.

ब्रेक नव्हे. ब्रेक ही चूक होती, मूर्खपणा होता, त्याला मी निगरगट्टपणे चूक म्हणू शकतो. पण हे? वास येत होता, हे खरंच. माझ्या तोंडाचा येत होता. सकाळपासून मी पीत होतो, आणि माझा वास मी त्याच्या तोंडाला लावला. कुणी खात्री केली नाही. कशाला करतील? सुन्या पूर्वी पीत होता, दिवस हळदीचा होता, आणि सांगत होतो मी, त्याचा मोठा भाऊ. ठमीबाई कण्हत कण्हत म्हणत होती, “पोरगा पिला न्हाय रं, माझ्याशी नीट बोलत होता.” मी तिला म्हणालो, “तू गप पड, मावशी. तुला काय कलतंय.” तिचा तुटलेला हात माझ्या मांडीवर होता आणि मी तिला गप करत होतो.

पोलिसांत कुणी गेलं नाही. गावातलं गावात मिटलं. म्हणजे माझं मिटलं. दुसऱ्या दिवशी, भाऊ बोहल्यावर उभा असताना, मी गाडीपाशी गेलो. डबीचं झाकण उघडलं तर खालचं रबर पुरीसारखं फुगलेलं. मी ते सगळं काढलं. तेल जमिनीत ओतलं, आतली रबरं खाडीत फेकली. बघा, तेवढं एक काम मात्र मी कुणाला न विचारता अगदी बरोबर केलं.

ट्रान्सपोर्टवाल्याने सुनीलला काढलं. पिऊन गाडी चालवणाऱ्याला कोण ठेवणार? ठमीबाईचा हात वाकडाच बसला. ती परत कुठल्या लग्नाला गेली नाही. आणि एका सकाळी सुनीलची बायको वनिता माझ्या ओटीवर आली. बसली नाही. म्हणाली, “दादा, मना एकदाच खरा सांगा. पिले होते का ते? ते पोरीची शपथ घेतात.”

ती मुलीला घेऊन माहेरी जायला निघाली होती, पिशवी हातातच होती. मी ‘नाही’ म्हणालो असतो तर ती घरी परत गेली असती. मला ते माहीत होतं. मी समजूतदार चेहरा केला — तो चेहरा मला आरशात दिसला असता तर मी थुंकलो असतो — आणि म्हणालो, “झाला तो झाला, वनिता. सांभाळून घे त्याला.” ती मान हलवून गेली. स्टेशनच्याच रस्त्याने गेली.

त्यानंतर सुनीलने खरी सुरुवात केली. सगळे म्हणतातच तर पितो, असं म्हणाला म्हणे. आता सकाळीच लागते त्याला. माझा शब्द त्याने खरा करून दाखवला.

ती गाडी मी विकली. तुम्हाला काही विचारायचं नाही मला. आता सांगून टाकू का, कसं सांगू, असलं काही नाही. मी सांगणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

परवा गावात एक साखरपुडा होता. दुपारच्या पंगतीत सुनील माझ्या शेजारी बसला, नेहमीसारखा पिऊन आलेला. समोरच्या कुणीतरी त्याला छेडलं, “सुन्या, खरा सांग, त्या दिवशी पिला होतास ना?”

पूर्वी तो अशा वेळी अंगावर धावून जायचा. परवा हसला. म्हणाला, “पिलो असन बाबा. मना आता आठवत न्हाय.” मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, प्रेमाने ठेवला, आणि सगळ्यांना सांगितलं, “पन दादूस खोटा कशाला बोलल?”

पंगत हसली. मी वाढप्याला हाक मारून अजून रस्सा मागितला.