अर्धी डिक्शनरी

नवऱ्याला नाही, आईला नाही. सुरेखाला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही तिला ओळखत नाही.

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. अभिमान आहे मला त्याचा — उगाच लाजायचं कशाला? सुरेखाच्या घरातही तीच पहिली. श्रीगोंद्याच्या अभ्यासिकेत आम्ही दोघी बँकेच्या परीक्षेची तयारी करायचो. दोघींत मिळून एक जाड डिक्शनरी घेतली आणि सरळ मधोमध फाडली. ए ते एल माझ्याकडे, पुढचं तिच्याकडे. आपापले शब्द पाठ करायचे आणि एसटीची वाट बघताना एकमेकींना शिकवायचे. तपासायचं नाही. तपासणार तरी कशात? मोबाईल तिच्या भावाचा, तो हात लावू देत नसे. मी सांगेन तोच अर्थ.

मग एकदा स्टँडवर तिची मावशी भेटली. "आमची सुरी चालली की पुन्याला, फुडच्या तयारीला! होस्टेल बी बघितलंय. आधी ही परीक्षा निघू दे, म्हनतोय तिचा बाप. तुला बोलली न्हाई व्हय?"

नव्हती बोलली. रोज माझ्या डब्यातली चटणी खाणारी पोरगी — तिनं एवढं लपवावं? का? मी मागे लागेन म्हणून? ते अजून टोचतं. आज लिहितानाही.

त्या आठवड्यात आमचे सी-ओ-एनने सुरू होणारे शब्द चालले होते. "सगळी एकाच आयची पोरं दिसत्यात गं," ती वैतागायची, "वळखायची कशी?"

मी ओळख करून दिली. कंडोन म्हणजे दोषी ठरवणं, असं सांगितलं. कंडेम म्हणजे चालवून घेणं. कंजेनिटल म्हणजे मनमिळाऊ. असे आणखीही, सगळे उलटसुलट. चुकून? नाही — घरी बसून ठरवलं होतं, कुणाचा अर्थ कुणाला लावायचा ते. ती डोळे मिटून घोकत राहिली. आणि मी तिचं पाठांतर घेतलं. कुठे अडखळली की दुरुस्तही केलं.

नगरच्या सेंटरवरून ती नाचतच बाहेर आली. "सी-ओ-एनवाले आले गं तुझे! धडाधड टाकले."

माझी परीक्षा निघाली. ती थोडक्यात राहिली. पुणं बारगळलं, उन्हाळ्यात लग्न झालं. "माझंच डोकं कच्चं," असं ती आजही चारचौघांत हसत सांगते — आणि मी तिथंच बसलेली असते, चहा पीत.

यंदा दिवाळीत लेकीला घेऊन आली. "म्याडम, तुमची अर्धी द्या की. माझी जपून ठेवलीय मी. दोन्ही जोडून बाइंडिंग करते, पोरीला व्हईल."

हरवली, म्हणाले मी.

कपाटात आहे. साड्यांच्या खाली.