दुसऱ्याच्या नावाचं लॉगिन

"आत व्हा. आवाज नको," सर म्हणाले आणि बॅटऱ्यांच्या खोलीला बाहेरून कडी लावली. आम्ही सहाजण आत उभे. पंखा नाही. सोलापूरचा मे महिना.

बाहेर आमच्या खुर्च्यांवर पुण्याहून आणलेली पोरं बसवली होती. परदेशी गिऱ्हाइकाचा तपासनीस कॅमेऱ्यातून ऑफिस बघणार होता. त्यांच्या एका शहराच्या वीजपुरवठ्याचं सॉफ्टवेअर आम्ही लिहायचो. पोलीस पडताळणी झालेल्या माणसांनीच ते लिहायचं, असा करार होता. पडताळणी पुण्याच्या पोरांची. काम आमचं, तेही त्यांच्यातल्या एकाच्या नावानं. सहाजणांत एकच लॉगिन, एकच पासवर्ड. कुणी काय केलं ते देवालाही कळू नये. अख्ख्या शहराची वीज अशी वाऱ्यावर सोडलेली. आमचीही पडताळणी करा, असं मी म्हटलं होतं. तेव्हा सर हसले. "तुमच्या वस्तीत पोलीस पाठवून कंपनीची अब्रू घालवू?"

कडी निघाली. सर घामाघूम. त्या लॉगिननं रविवारी कुणीतरी तिऱ्हाईत सॉफ्टवेअरमध्ये शिरला होता आणि ते तपासनिसानं पकडलं होतं.

सरांनी मलाच बोट दाखवलं. "तू चल. तू इथली झाडूवाली. झाडताना पासवर्डची चिठ्ठी सापडली, ती भावाला दिलीस. एवढंच सांगायचं. तुझ्याकडं बघून पटेल त्यांना."

माझी आई महापालिकेत झाडू मारते. त्यावर मी शिकले. झाडूची मला लाज नाही. पण झाडू म्हटलं की चोरी, हे त्यांना किती सहज सुचलं! अंगाची लाही लाही झाली.

आमच्यातल्या मैंदर्गीच्या महादेवीनं माझा हात धरला. "अक्का, व्हय म्हण की. समद्यांची नोकरी जाईल."

ती खोटं बोलत नव्हती. हो म्हटलं तर मी चोर. नाही म्हटलं तर पाच घरांच्या चुली माझ्यामुळं विझणार.

"न्हाय, महादेवी," एवढंच मी म्हणाले.

कॅमेऱ्यासमोर जाऊन मी माझं नाव सांगितलं, आडनावासकट. मोडक्या इंग्रजीत म्हणाले, हे काम मी करते. आणखी पाचजण आत लपवलेत. सरांनी लॅपटॉप आपटून बंद केला.

काम गेलं. सगळ्यांचं. महादेवी रस्त्यात दिसली तर मान वळवते. ते सलतं, रोज सलतं.

तरी मी माफी मागणार नाही. यापुढं माझ्या कामाखाली माझंच नाव लागेल. ज्याला ते चालत नाही, त्यानं मला काम देऊ नये.