आत्याच्या हातावरची मेंदी

माणूस रीत सोडून वागलं की ते तसं का वागलं हे सांगणारे कधी कमी पडत नाहीत. विचारायचं राहून जातं ते त्या माणसालाच. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. जयपूरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, शाळकरी वयात, आईच्या पदराआड उभी राहून पाहिलेलं आहे.

एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यान वडिलांची तिकडे बदली झाली, तेव्हा आत्याही आमच्याबरोबर आली. लग्नानंतर वर्षभरातच तिचा नवरा गेला होता. पंचविशीही उलटली नव्हती. मॅट्रिक झालेली, शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलेली. गावी सासरच्यांनी नोकरी करू दिली नसती, म्हणून जयपूर. इथल्या एका मुलींच्या शाळेत जागा निघणार होती. एका बँक अधिकाऱ्याच्या बायकोनं, त्यांना आम्ही सगळे काकू म्हणायचो, शाळेच्या मोठ्या बाईंकडे शब्द टाकायचं कबूल केलं होतं. आत्याचा सगळा जीव त्या जागेत अडकला होता.

श्रावणात तीज आली, तिकडच्या लेकीसुनांचा मेंदी लावायचा सण. शेजारच्या भाभीजी जयपूरच्याच. त्यांच्या हिशेबी सवाष्ण म्हणजे हातभर चुडा आणि डोक्यावर पदर. आमच्यात यातलं काहीच नाही, त्यामुळे कोण कोणती हे त्यांना उमगायचंच नाही. आत्याच्या कपाळाला कुंकू नाही म्हणजे ती कुंवारी, असं त्यांनी ठरवून टाकलं. मेंदीची वाटी घेऊन आल्या नि म्हणाल्या, "लाओ बाईसा, हाथ दो. अगली तीज ससुराल में!"

आई घरात नव्हती. आत्यानं मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि दोन्ही हात पुढे केले. इतकी खूश ती आमच्याकडे आल्यापासून दिसली नव्हती.

संध्याकाळी आईनं चिंच लावून, राख लावून ते हात घासले. पण मेंदी कुठली जायला!

त्याच आठवड्यात काकूंकडे त्यांच्या सुनेची मंगळागौर होती. विधवा म्हणून आत्याला पूजेत जागा नव्हती, पुरणपोळ्या मात्र तिच्याच हातच्या हव्या होत्या. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. ती कणीक तिंबत होती आणि परातीत तिचे लालभडक हात उठून दिसत होते. लगेच बायकांची कारणं सुरू झाली. एकीनं तरुण वय सांगितलं, दुसरीनं शनी, तिसरीनं चक्क जयपूरचं पाणी. "लाज सोडली म्हणायची," कुणीतरी म्हणालं. काकूंनी आईकडे पाहिलं.

आई भित्री नव्हती, पण त्या वेळी भ्याली. आत्या निर्लज्ज ठरू नये म्हणून हाताला लागेल ते कारण तिनं पुढे केलं. "वन्संचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं हो," ती काकूंना हळूच म्हणाली. "यजमान गेल्यापासून असंच चाललंय. कुणी काही सांगितलं की करून बसतात."

ते हळू बोलणं आत्या सोडून सगळ्यांनी ऐकलं. लगेच चेहरे मऊ झाले. बिचारी! कुणी आत्याला पाट दिला, कुणी पाणी दिलं, कुणी परात तिच्या हातातून काढून घेतली. आत्याला काही कळेना. आईला मात्र हायसं वाटलं.

पुढे शाळेत जागा निघाली आणि काकूंचा निरोप आला. "त्यांना जरा विश्रांती घेऊ दे. उद्या एखाद्या मुलीला मारलंबिरलं तर?"

आत्यानं विचारलं तेव्हा आईनं सगळं सांगून टाकलं. आत्या ओरडली नाही. "मला वाईट म्हणाला असतात तर मी भांडले असते, वहिनी," ती म्हणाली. "आता भांडले तर तेही वेडच."

आई तशीच उठून मला घेऊन काकूंकडे गेली. मी खोटं बोलले, वन्सं चांगल्या शहाण्या आहेत, हौस वाटली म्हणून त्यांनी मेंदी लावली, असं तिनं स्वच्छ सांगितलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि आईचा हात हातात घेतला. "किती सोसता हो तुम्ही! घरचं माणूस असं असलं की पांघरूण घालावंच लागतं."

आई वाटभर रडत होती. मला काकूंचा भयंकर राग आला होता. पण खोटं काही काकूंनी रचलं नव्हतं.

जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. तेव्हापासून आई पहिली गरम पोळी आत्याच्या ताटात वाढायची, तिच्याआधी कधी जेवायची नाही, तिला जड उचलू द्यायची नाही. मन खात असलेल्या माणसाची माया फार जड असते. आत्या तीही मुकाट्यानं सोसायची.

पुढच्या तिजेला भाभीजी पुन्हा वाटी घेऊन आल्या. तोवर आत्याच्या वेडाचं त्यांच्याही कानावर कुणी घातलं होतं, कारण आता त्या आत्याशी लहान मुलीशी बोलावं तसं बोलत होत्या. आत्या तांदूळ निवडत बसली होती. आई लगबगीनं पुढे झाली. "लावून घ्या ना, वन्सं. आता कुणी काही म्हणणार नाही."

आत्यानं ताटातून हात काढला नाही.

"म्हणूनच नको," ती म्हणाली.